झील (मुलगा) सांभाळता की सून? वाडीतल्या नात्यांची पाहणी कशी करावी

अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणारी सून, भाच्याच्या कॉलेजच्या फीसाठी गुरं विकणारा मामा, मुंबईत राहून गावच्या चुलत्याच्या औषधाचे पैसे पाठवणारा चाकरमानी. ही माणसं असं का वागतात, याची दोन उत्तरं आपल्या कॉलेजांत दोन वेगळ्या वर्गांत शिकवली जातात. जीवशास्त्राच्या वर्गात सांगतात, रक्ताचं नातं जितकं जवळचं तितका त्याग जास्त, कारण नातलगाकडूनही आपलीच जनुकं पुढे जातात. समाजशास्त्राच्या वर्गात सांगतात, रीत आहे, भावकीचा धाक आहे, जमिनीचा वाटा आहे, म्हणून. परीक्षेत दोन्ही लिहून गुण मिळतात. वाडीवर जाऊन पाहणी करायची म्हटली की मात्र पंचाईत होते, कारण बहुतेक प्रकल्प अशी माहिती गोळा करतात जी दोन्ही उत्तरांत चपखल बसते, आणि मग त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीवर पंचवीस-तीस घरांची पाहणी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हे लिहिलं आहे. दोन माणसं असतील तर वंशावळ आणि मदतीची नोंद दोन खेपांत होते: एक खेप लावणीच्या दिवसांत, दुसरी गणपतीत. फक्त गणपतीत गेलात तर घरं भरलेली दिसतील आणि वर्षभर घरात फक्त म्हातारी आणि दोन नातवंडं असतात हे कळणारच नाही.

जाण्याआधी प्रश्न वेगळे करा

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ साली वर्तनाबद्दल चार प्रश्न वेगळे केले: ते कशामुळे घडतं, आयुष्यात कसं तयार होतं, त्याने जगण्या-प्रजननात काय फायदा होतो, आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कुठून आलं. वहीच्या पहिल्या पानावर हे चार रकाने आखा. ‘आई मुलासाठी रात्र जागते कारण तिचा जीव तुटतो’ हे पहिल्या रकान्यातलं उत्तर. ‘कारण तिची जनुकं त्याच्यात आहेत’ हे तिसऱ्यातलं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ‘माणसं प्रेमाने करतात, जनुकांसाठी नाही’ असं वाक्य ज्या अहवालात दिसतं, त्याने रकाने मिसळलेले असतात. ‘प्रेम वगैरे काही नसतं, सगळं जनुकांचं’ हे त्याच चुकीचं दुसरं टोक.

सिद्धांत फार नको, पण एक असमीकरण नीट कळायला हवं. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं की मदत करण्याची वृत्ती टिकून राहते तेव्हा

नातं × फायदा > खर्च

ही अट पुरी होत असते. नातं म्हणजे नात्याचा गुणांक, फायदा घेणाऱ्याचा, खर्च देणाऱ्याचा. सख्ख्या भावासाठी गुणांक १/२, म्हणजे फायदा खर्चाच्या दुपटीहून जास्त हवा. चुलत भावासाठी १/८, म्हणजे आठपटीहून जास्त. इथे विद्यार्थी हमखास घसरतात ते फायदा-खर्चावर. हे दोन्ही आकडे पुढच्या पिढीतल्या संततीच्या हिशेबातले आहेत. तुमच्या वहीतले तास आणि रुपये त्यात घालून गुणाकार केला तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. तुमच्या पाहणीतून कल तपासता येतो, असमीकरण सोडवता येत नाही.

दुसरी घसरण गुणांकावर. ‘भावाशी आपली निम्मी जनुकं जुळतात’ हे ढोबळ बोलणं आहे. कुठल्याही दोन माणसांची जनुकं बहुतांश सारखीच असतात. गुणांक सांगतो तो समाजातल्या सरासरीपेक्षा वरचा साधर्म्याचा भाग.

आणि गुणांक म्हणजे सगळं नव्हे, हे जीवशास्त्रातही पक्कं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. अशा कीटकांत नराकडे जनुकांचा एकच संच असतो, म्हणून सख्ख्या बहिणींचा गुणांक ३/४ भरायला हवा, पण या माशीची राणी अनेक नरांशी जुगते आणि एकामागून एक राण्या बदलतात, त्यामुळे पोळ्यातलं प्रत्यक्ष नातं बरंच पातळ असतं. तरी कामकरी माश्या राबतातच. तेव्हा फायदा आणि खर्च बघावेच लागतात. माणसांबद्दल लिहिताना हे विसरू नका.

वंशावळ काढणं

त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, दुहेरी आडवी रेघ लग्न, उभी रेघ अपत्य, काट मारली की मयत. मोठा कागद घ्या, शिसपेन्सिल घ्या, आणि घरातल्या सर्वांत जाणत्या बाईपाशी बसा. पुरुष बापाकडच्या सात पिढ्या सांगतात आणि आजीच्या माहेरापाशी अडखळतात. बायकांना दोन्ही बाजू ठाऊक असतात.

चुका कुठे होतात ते आधीच माहीत असलेलं बरं. लग्नानंतर नाव बदललेली बाई माहेरच्या तक्त्यात एका नावाने आणि सासरच्या तक्त्यात दुसऱ्या नावाने येते आणि तुमच्याकडे दोन माणसं होतात. प्रत्येक विवाहितेसमोर माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि वाडी लिहा. मग वर्तुळं जुळवा. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, म्हणून प्रत्येक नावापुढे अंदाजे जन्मसाल हवं. बाबल्या, आबा, भाई ही नावं एका वाडीत चार जणांची असतात. अख्ख्या वाडीचं आडनाव एक आहे म्हणून सगळे एकमेकांचे धरता येणारे नातलग ठरत नाहीत. जिथे सामायिक पूर्वज नावानिशी सापडत नाही तिथे नातं ‘अज्ञात’ लिहा, शून्य लिहू नका. आणि काका म्हटलेला प्रत्येक माणूस काका नसतो. ‘सख्खे की चुलत?’ विचारा, ‘चुलत’ उत्तर आलं तर ‘आजोबा एकच की पणजोबा एकच?’ हे पुढे विचारा.

एक गोष्ट कधीही विचारायची नाही: हे मूल नक्की कोणाचं. दत्तक किंवा सावत्र नातं सांगणाऱ्याने आपणहून सांगितलं तरच नोंदवा.

गुणांक मोजणं

दोन माणसं घ्या. त्यांचा सामायिक पूर्वज शोधा. एकापासून वर पूर्वजापर्यंत आणि खाली दुसऱ्यापर्यंत किती दुवे होतात ते मोजा. प्रत्येक दुव्याला १/२ ने गुणा. जितके सामायिक पूर्वज, तितक्या वाटा. सगळ्यांची बेरीज करा.

चुलत भाऊ: मी ते वडील, वडील ते आजोबा, आजोबा ते काका, काका ते चुलत भाऊ. चार दुवे, १/१६. आजीकडून तीच वाट, आणखी १/१६. बेरीज १/८. आजीची वाट विसरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक, तिने सगळे गुणांक निम्मे होतात.

कोकणात दोन ठिकाणी जास्त काळजी लागते. दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या असल्या की त्यांची मुलं चुलतही आणि मावसही. सामायिक पूर्वज चार, गुणांक १/४, म्हणजे आई किंवा बाप एकच असलेल्या सावत्र भावाइतका. आणि मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर नवरा-बायकोत आधीच १/८ आहे, म्हणून बापाचा मुलाशी गुणांक १/२ ऐवजी ९/१६ भरतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण भारताच्या पद्धतींच्या मधला पट्टा म्हणून दाखवला, त्याचं एक कारण हेच: मामाची मुलगी अनेक जातींत चालते, चुलत बहीण कधीच नाही. जातीनुसार रीत बदलते, तेव्हा वाडीवर विचारूनच लिहा.

मदत मोजणं

इथे पाहणी बहुतेक वेळा बिघडते, आणि बिघडते ती प्रश्नामुळे. आजीला विचारलं, ‘तुका कोण सांभाळता?’ की ती म्हणणार, ‘झील.’ झील असतो नालासोपाऱ्याला. ती खोटं बोलत नाही. रीत काय आहे ते सांगते. त्याऐवजी विचारा, ‘आज सकाळी तुका पेज कोणी दिल्यान?’ आता उत्तर येतं: शेजारची भावजय. पाणी कोणी तापवलं, पाठ कोणी चोळली, गोळ्या कोणी आणल्या, रात्री सोबतीला कोण झोपलं. एकेका कामाचा, कालच्या दिवसाचा प्रश्न. दोन्ही उत्तरं लिहून घ्या. पहिलं सामाजिक नियमाची माहिती आहे, दुसरं वर्तनाची, आणि दोहोंतलं अंतर हा तुमच्या अहवालातला सर्वांत मोलाचा आकडा ठरू शकतो.

नोंद अर्ध्या तासाच्या एककात करा, सलग सात दिवस, रोज फक्त मागच्या चोवीस तासांची. ‘गेल्या महिन्यात’ असं विचारलं की माणसं सरासरी सांगतात, आणि ती सरासरी रीतीकडे झुकते. रोख मदत वेगळ्या पानावर, तासांशी मिसळू नका. तिसरं पान मोठ्या प्रसंगांचं, मागच्या पाच वर्षांतलं: दवाखान्यातल्या रात्री, परत न मागितलेली रक्कम, जामीन राहणं, रक्त देणं. असे प्रसंग थोडे असतात पण लक्षात पक्के राहतात.

मग येतो भागाकार. समजा वाडीतल्या म्हाताऱ्यांना आठवड्यात मुलग्यांकडून ३० तास मिळाले आणि लेकींकडून १४. निष्कर्ष काढायची घाई नको. हाकेच्या अंतरावर मुलगे सहा असतील आणि लेकी दोनच, तर मुलगा माणशी ५ तास देतो आणि लेक ७. कोण किती जवळ राहतं याने भाग दिल्याशिवाय एकही आकडा लिहू नये. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणं, मुलगा मुंबईला जाणं, हे सगळं समाजाने ठरवलेलं, आणि त्यावरच कोण उपलब्ध आहे ते ठरतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया होत्या. कामासाठी पुरुष बाहेर गेल्याचा हा थेट परिणाम. अशा जिल्ह्यात ‘काळजी बायका घेतात’ हे वाक्य निष्कर्ष म्हणून लिहिलंत तर परीक्षक विचारतील, दुसरं होतं कोण घरात?

सामाजिक बाजूही तितकीच नेटाने मोजा, नाहीतर उरलं ते सगळं ‘संस्कृती’ या पोत्यात भरलं जातं. प्रत्येक मदतीमागे विचारा: हे केलं नसतं तर काय झालं असतं, कोण काय बोललं असतं? सातबारा आणि घराचा उतारा कोणाच्या नावावर? परतफेड अपेक्षित आहे का? लावणीला एकमेकांच्या शेतात जायची पद्धत (सावड, पैरा, तुमच्या वाडीवर जो शब्द असेल तो वापरा) दिवसाला दिवस अशी चोख फेडली जाते का, आणि सख्ख्या भावाशी हिशेब सैल असतो का? रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीच्या परोपकाराची मांडणी केली, तिला रक्ताचं नातं लागत नाही. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये देणं-घेणं-परत देणं या बंधनाबद्दल लिहिलं ते सामाजिक बाजूने. सावडीचा हिशेब दोघांनाही पटण्यासारखा आहे.

जिथे दोन उत्तरं फुटतात ती ठिकाणं

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही गोष्ट प्रकल्पात कौतुकाने येते. आईच्या आईचं नातं खात्रीचं (आई कोण यात शंका नसते, बापाबद्दल असू शकते), म्हणून ती जास्त झटते, असं उत्क्रांतीवाले म्हणतील; रीतच आहे, असं समाजशास्त्र म्हणेल. दोघांचं भाकीत एकच, म्हणून हा पुरावा कोणाच्याच कामाचा नाही. दुसरं आणि तिसरं बाळंतपण बघा, जिथे रीत सैल होते. मुंबईच्या खोलीत नातवंड सांभाळायला कोणती आजी जाते ते बघा: घराण्याची रीत वडिलांच्या आईकडे बोट दाखवते, खात्रीच्या नात्याचा तर्क आईच्या आईकडे. ऑयलर आणि वाइट्सेल यांच्या १९९६ च्या जर्मनीतल्या पाहणीत माया लावण्याच्या क्रमात आईची आई सर्वांत वर आणि वडिलांचे वडील सर्वांत खाली आले होते. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा जमातीतल्या आज्यांच्या कष्टांवरून आजीच्या उपयुक्ततेची कल्पना पुढे आणली. पण कोकणात आजीपाशी वाढणारी मुलं अनेकदा मुंबईच्या जागेच्या भाड्यामुळे गावी असतात. आजी का मदत करते आणि मूल तिच्यापाशी का आलं, हे दोन प्रश्न आहेत.

चुलत, आते, मामे, मावस. चौघांचा गुणांक अगदी सारखा, १/८. समाज मात्र चौघांना चार जागी बसवतो: चुलत भावकीतला, त्याचं सुतक पुरं, जमिनीत त्याचा हात, मामे-मावस भावाचं सुतक थोडक्यात आटोपतं. म्हणजे गुणांक स्थिर धरून सामाजिक जागा बदलण्याचा प्रयोग आपल्या नातेव्यवस्थेने आयताच मांडून ठेवला आहे. त्यातही एक बारकावा: पितृत्वाची अनिश्चितता धरली तर मावस भावंडं सर्वांत खात्रीची आणि चुलत सर्वांत कमी खात्रीची. जिऑन आणि बस यांना २००७ मध्ये मदतीच्या तयारीचा नेमका असाच क्रम मिळाला, मावस वर आणि चुलत खाली. भावकीची रीत याच्या बरोबर उलट. मोठ्या प्रसंगांचं पान काढा आणि चार रकान्यांत वाटा. चुलत भाऊ भिंतीपलीकडे राहतो आणि मावसभाऊ तालुक्यापलीकडे, म्हणून इथेही अंतराचा भागाकार. किंवा सरळ मुंबईतले चाकरमानी घ्या, जिथे चौघेही लोकलच्या अंतरावर असतात.

भावकीची पायरी की उतार, हा आमच्या मते सर्वांत चांगला तपास. एका भावकीत सख्खे १/२, चुलत १/८, त्यापुढचे १/३२, मग १/१२८. आडव्या अक्षावर हे गुणांक, उभ्या अक्षावर मदत. मदत गुणांकाबरोबर उतरत गेली तर रक्ताचा तर्क बळकट. भावकीच्या शेवटच्या घरापर्यंत सारखी राहून हद्दीपलीकडे एकदम कोसळली तर नियमाचा. दोन वेगळी चित्रं काढा, एक स्वस्त मदतीचं (खांदा देणं, गणपतीची मूर्ती आणायला जाणं, मंडप घालणं) आणि एक महाग मदतीचं (मोठी रक्कम, दवाखान्यातल्या रात्री). पहिल्यात पायरी आणि दुसऱ्यात उतार दिसला तर चक्रावू नका. मदतीचा खर्च वाढला की जवळच्या रक्ताचा वाटा वाढतो, असं इतरत्रही आढळलं आहे.

सून. सासूशी गुणांक शून्य, आणि अंगमेहनतीची सेवा सर्वांत जास्त तिचीच. ‘बघा, उत्क्रांती खोटी’ असं लगेच लिहू नका: नातवंडांत दोघींचाही वाटा आहे, आणि निरोगी सासू हे सुनेच्या मुलांना लागणारे हात आहेत. हा तर्क खरा असेल तर मूल नसलेल्या सुनेकडून, किंवा मुलं मोठी झालेल्या सुनेकडून सेवा कमी व्हायला हवी. रीत आणि धाक खरा असेल तर फरक पडू नये. पंचवीस घरांत अशा सुना फार सापडणार नाहीत, म्हणून शेजारच्या दोन वाड्या जोडा. मालमत्तेचा तर्क तपासायला निपुत्रिक म्हाताऱ्यांकडे बघा. २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा निपुत्रिकाच्या बाबतीत जबाबदारी टाकतो ती मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे अशा वारसावर. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत घेण्याची सोयही त्यात आहे. जमीन असलेली आत्या आणि जमीन नसलेली आत्या, दोघींकडे कोण जातं याची तुलना करा.

सावत्र, दत्तक आणि ‘वाढवलेला’. नातं ओळखायला मेंदूपाशी जनुकं वाचायचं यंत्र नाही. तो खुणांवर चालतो. लीबरमन, टूबी आणि कॉस्मिडीस यांनी २००७ मध्ये अशा दोन खुणा मांडल्या: आईने धाकट्या भावंडाला सांभाळताना पाहणं, आणि लहानपणी एका घरात किती वर्षं गेली ते. म्हणून एका चुलीवर वाढलेले चुलत भाऊ सख्ख्यांसारखे वागले तर तो सिद्धांताचा अपवाद ठरत नाही. वहीत ‘एका चुलीवरची वर्षं’ असा रकाना ठेवा. मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांनी १९७६ मध्ये आक्षेप घेतला होता की समाजांची नाती जनुकांच्या हिशेबाने चालत नाहीत आणि माणसं अपूर्णांक मोजत बसत नाहीत. पहिला भाग भावकीकडे बघून तपासता येतो. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: गोगलगायीला गणित न येताही तिचा शंख गोल वळणाचा वाढतो.

भाऊबंदकीचं काय?

बांधावरून, सामायिक सातबाऱ्यावरून, एका आंब्याच्या कलमावरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. मग १/२ गेला कुठे? हॅमिल्टनची अट नातलग भांडणार नाहीत असं म्हणत नाही. एकाच तुकड्यावर दोघांचा डोळा असेल तर एका भावाला झालेला फायदा दुसऱ्याच्या वाट्यातूनच वजा होतो. स्टुअर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अंजीरवर्गीय फळांत वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांच्या नरांत हे दाखवलं: एका फळात भाऊ-भाऊ जास्त असले म्हणून मारामारी कमी होत नव्हती, कारण स्पर्धाही त्याच फळातली. वाडीवर तपासायचं तर भावांच्या जोड्या दोन गटांत करा, वाटणी झालेले आणि न झालेले. गुणांक दोन्हीकडे तोच. वाटणी झालेल्यांत मदत जास्त दिसली, तर स्पर्धेचा तर्क आणि मालमत्तेचा सामाजिक तर्क दोन्ही उभे राहतात, आणि रक्त पुरेसं नाही एवढं नक्की ठरतं. वादाचा तपशील मात्र लिहू नका. कागद उद्या कोणाच्याही वकिलाच्या हाती जाऊ शकतो.

लिहिताना आणि परत देताना

प्रत्येक निष्कर्षाखाली दोन ओळी लिहा: दुसऱ्या उत्तराने काय भाकीत केलं असतं, आणि ते यात बसतं का. बसत असेल तर ‘निकाल नाही’ लिहा. अशा ओळी अहवालात बऱ्याच येतील, तेच प्रामाणिक आहे. ‘नैसर्गिक आहे’ याचा अर्थ ‘योग्य आहे’ असा काढू नका. सुनेने सेवा करावी की नाही हे तुमचा तक्ता ठरवत नाही.

नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत ठेवा आणि काम झालं की ती जाळा. वाडीच्या बैठकीत निष्कर्ष सांगायचे असतील तर पाचपेक्षा कमी घरं असलेला रकाना दाखवू नका, कारण ‘निपुत्रिक, जमीन असलेली, सत्तरीपुढची’ एवढं म्हटलं की ती कोण ते सगळ्या वाडीला कळतं. वंशावळीची एक स्वच्छ प्रत मात्र त्या-त्या घराला द्या. दत्तक-सावत्राच्या खुणा आधी पुसून, आणि त्यात कुठलेही गुणांक न लिहिता.